थपडेचं शास्त्र आणि तांदळाचा डबा

घरोघरीच्या यंत्रांवर घरोघरीचे उपाय चालतात. या वेळच्या टपालात त्यांचाच भरणा होता. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

रिमोट चालत नाही म्हणून दोन थपडा मारल्या की चालतो. सेल महिन्यापूर्वीच बदललेत. यामागे काही शास्त्र आहे, की त्याला मारच लागतो? (सातारा)

शास्त्र आहे. रिमोटमध्ये दीड-दीड व्होल्टचे दोन बारीक सेल एकापुढे एक जोडलेले असतात. सेलचं टोक आणि स्प्रिंग यांच्यामध्ये पांढरट किंवा हिरवट थर धरतो आणि वीज अडते. थपडेने सेल जागच्या जागी हलतो, थर किंचित खरवडला जातो आणि टीव्ही सुरू होतो. चार दिवसांनी पुन्हा तेच. मारायचं नसेल तर झाकण काढून दोन्ही सेल अंगठ्याने जागीच सात-आठ वेळा फिरवा, काम तेवढंच होतं. कायमचा उपाय म्हणजे थर काढणं. गळलेला सेल अल्कलाइन असेल तर कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन स्प्रिंग पुसा आणि मग कोरडी करा. साधा स्वस्तातला सेल असेल तर व्हिनेगरच्या वाटेला न जाता बारीक पॉलिश पेपरचे चार हलके हात पुरतात.

पण महिन्याभरात सेल बसले ही खरी मेख आहे. फोनचा सेल्फी कॅमेरा सुरू करा आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा. रिमोट डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाने टीव्हीशी बोलतो. मागचा कॅमेरा नको, त्यावर बहुधा हा प्रकाश अडवणारी काच असते. बटण दाबल्यावर स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे, दोष टीव्हीकडचा. ठिपका दिसलाच नाही तर दोष सेलचा, स्प्रिंगचा किंवा रिमोटच्या टोकावरच्या छोट्या दिव्याचा. आणि कुठलंही बटण न दाबता ठिपका लुकलुकत असेल तर एखादं बटण आत चिकटलं आहे आणि रिमोट रात्रंदिवस टीव्हीला हाका मारतो आहे. सेल त्यातच संपतात.

अशा वेळी रिमोट उघडावा लागतो. सेलच्या खाली एखाददुसरा स्क्रू सापडतो, बाकी सगळं खाचांवर असतं. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून हळूहळू फिरवा. आतला रबराचा पट्टा साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. त्याच्या पाठीवरचे काळे ठिपके घासू नका. तेच बटणाचा संपर्क जोडतात, ते गेले की बटण गेलं. आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवरचा चिकट तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चहा सांडलेला असेल तर दोनदा.

रिमोटला प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावण्याची आपली परंपरा हसण्यावारी नेऊ नये, हाताचा घाम आत जात नाही. फक्त पुढच्या टोकावर पिवळ्या प्लास्टिकच्या चार घड्या येऊ देऊ नका. बोलून चालवायच्या नव्या रिमोटवर मात्र कॅमेऱ्याची ही चाचणी फसते. ते बहुतेक काम ब्लूटूथवर करतात, त्यामुळे ठिपका फार तर टीव्ही चालू-बंद करण्याच्या बटणाला दिसेल.

पाऊस आला की ऐन मालिकेच्या वेळी 'सिग्नल नाही'. डिशला प्लास्टिकची पिशवी बांधावी का? शेजाऱ्यांनी वर जुनी परात लावली आहे. (चिपळूण)

परात आधी काढायला सांगा. आपल्याकडे लागणारे उपग्रह आग्नेयेला आणि बरेच वर असतात. पुण्याच्या आसपास ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर, तर डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशावरचा जीसॅट-१५ सुमारे ५९ अंशांवर येतो. चिपळूणला फरक अंश-दोन अंशांचा. डिश मात्र समोरच्या भिंतीकडे बघत असल्यासारखी दिसते, कारण तिची घडणच तिरकी असते. म्हणजे परात नेमकी वाटेत येते आणि पावसाआधीच निम्मं काम करून ठेवते.

सिग्नल सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून येतो. त्याला शेवटच्या चार-पाच किलोमीटरच भारी पडतात, कारण पाऊस तेवढ्यातच असतो. या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, थेंब काही मिलिमीटरचे. थेंब थोडी ऊर्जा शोषतात, थोडी इकडेतिकडे उधळतात. जुन्या अँटेनाला अशा वेळी मुंग्या यायच्या, पण नायिका दिसायची. डिजिटलमध्ये तसं नाही. ठरावीक पातळीपर्यंत चित्र लख्ख, तिच्याखाली चौकोन चौकोन आणि मग काळोख. तुमच्या अंगणात टिपूस नसताना आग्नेयेला, म्हणजे सिग्नलच्या वाटेत, ढग भरला तरी मालिका जाते ती यामुळे.

तेव्हा सगळी तयारी उन्हाच्या दिवशी करायची. बॉक्सच्या मेनूमध्ये 'स्ट्रेंग्थ' आणि 'क्वालिटी' अशा दोन पट्ट्या असतात. पहिलीच्या नादी लागू नका, ती नुसता गोंगाटही मोजते. क्वालिटी निरभ्र आकाशात जितकी वर, तितका जोराचा पाऊस ती झेलते. ती कमी असेल तर आधी डिशचे नट बघा. साठ सेंटीमीटरच्या डिशची कड एक सेंटीमीटर सरकली की डिश जवळपास दोन अंशांनी वळते आणि निम्म्याहून अधिक सिग्नल हातचा जातो. एरवी कळत नाही, कारण उन्हात उरलेल्यावर भागतं. कोकणात दुसरा संशयित म्हणजे माड. पाच वर्षांपूर्वी डिश बसवली तेव्हा खाली असलेली झावळी आता वाटेत आलेली असते, आणि ओली झावळी कोरडीपेक्षा जास्त अडवते.

मग केबल. बॉक्स बंद करूनच डिशच्या पुढच्या डबीवरचा, म्हणजे एलएनबीचा कनेक्टर सोडा. मधली तार हिरवी पडली असेल तर एक-दोन इंच कापून नवा कनेक्टर लावा. या तारेतून डबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात, त्यामुळे पाणी शिरलं की गंज झपाट्याने धरतो. अर्धी चॅनल दिसतात आणि अर्धी नाहीत, ही तक्रारही पुष्कळदा इथलीच असते. त्या अर्ध्यांना लागणारे १८ व्होल्ट वरपर्यंत पोचतच नाहीत. केबल कनेक्टरपाशी येण्याआधी तिला खाली लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही.

पिशवीचं म्हणाल तर कोरडं पातळ प्लास्टिक सिग्नल अडवत नाही. सुरकुत्यांत साठलेलं पाणी अडवतं. डबीच्या तोंडावरची टोपी तडकली असेल तर डबी बदला, पिशवी नको. नव्वद सेंटीमीटरची डिश साठच्या सव्वादोनपट सिग्नल गोळा करते, तिने बराच फरक पडेल. तरीही आषाढातली एखादी सर दहा मिनिटं घेऊन जाणारच. तेवढ्यात भजी होतात.

पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवावा, असं सगळे सांगतात. किती तांदूळ, किती वेळ? (अलिबाग)

शून्य तांदूळ. फेब्रुवारी २०२४मध्ये ही जगभर बातमी झाली होती. आयफोन तांदळाच्या पिशवीत घालू नका, तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात, असं अ‍ॅपलने आपल्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं. एका बलाढ्य कंपनीला तांदळाबद्दल पत्रक काढावं लागलं, यातच त्या उपायाची लोकप्रियता आली. बंद डब्यातले तांदूळ फोनच्या पोटातलं पाणी ओढून घेत नाहीत. उलट त्यांचं पीठ चार्जिंगच्या भोकात ओलाव्याला मिळतं आणि आत खळ तयार होते.

फोन बंद करा. चार्जर लावू नका, चालतो का हे बघायलाही नाही. सिमचा ट्रे काढा. भोक खाली धरून तळहातावर हलकेच आपटा. मग वारा खेळेल अशा जागी, पंख्यासमोर ठेवा. चार्जिंगचा प्रयत्न अर्ध्या तासानंतर, आणि फोनने पुन्हा ओलाव्याची सूचना दिली तर पूर्ण एक दिवस थांबा. केस वाळवायचं यंत्र, कापसाची काडी, टूथपिक या सगळ्याला मनाई.

अलिबागकरांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण विसर्जनाला फोन गोड्या पाण्यात पडत नाही. पेटीवर आयपी६८ ही पाणीरोधकतेची खूण असते ती गोड्या पाण्यातल्या चाचणीची. समुद्राचं पाणी वाळतं, पण मीठ मागे राहतं आणि ते हवेतला ओलावा ओढत तांबं खात बसतं. असा फोन पाणीरोधक असेल तर आधी नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, मग वाळवा. पाणीरोधक नसेल तर बंद अवस्थेतच त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या.

नवीन मोठ्या टीव्हीवर जुने सिनेमेही मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात. (डोंबिवली)

टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने भरतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही ६० किंवा त्याहून जास्त दाखवतो, आणि मधली जागा अंदाजाने भरली की लाखोंच्या सेटवरचा प्रसंग शेजारच्या दिवाणखान्यात शूट केल्यासारखा वाटतो. चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द शोधा आणि बंद करा. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो एकटा पुरतो. क्रिकेटसाठी पाहिजे तर पुन्हा सुरू करा.

जाहिरात लागली की आवाज वाढतो. नियम नाही का? (सोलापूर)

आहे. १९९४च्या केबल टीव्ही नियमांत जाहिरातीचा आवाज अवास्तव मोठा नसावा असं लिहिलेलं आहे, आणि तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, असंही. पण मोठा म्हणजे किती, इथे गंमत आहे. मालिकेत कुजबुजही असते आणि किंकाळीही. जाहिरातीत कुजबूज वर ओढून किंकाळीच्या शेजारी बसवतात. सर्वोच्च आवाज दोन्हीकडे तोच, सरासरी मात्र जाहिरातीची जास्त, आणि कान सरासरी ऐकतो. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' सुरू करा. संवाद थोडे चपटे होतील, पण रिमोट हातात घेऊन बसावं लागणार नाही. बातम्यांच्या चर्चांवर हा उपाय चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथे जाहिरात लागल्यावरच आवाज कमी होतो.