देव भेटल्यावर माणूस खरंच बदलतो का?

तुम्ही विचारलंय की साक्ष देणारे, म्हणजे चर्चमध्ये आपला देवाचा अनुभव सांगणारे, सगळे म्हणतात 'प्रभू भेटला आणि आयुष्य बदललं', पण तुम्ही दोन वर्षं प्रार्थना करताय, बायबल वाचताय, तरी ना उजेड दिसला ना आवाज आला, मग देव फक्त निवडक लोकांनाच भेटतो का?

उजेड वगैरे मलाही दिसलेला नाही, आधीच सांगून टाकते. तरी देव भेटला असं मी म्हणते आणि ते का, हे सांगायला जरा पाल्हाळ लागेल.

आपण सगळे पौलाला धरून बसतो, म्हणजे आधीचा शौल, ख्रिस्ती लोकांना पकडत फिरणारा. दिमिष्काच्या वाटेवर लख्ख प्रकाश, गडी जमिनीवर, झालं परिवर्तन. अहो पण बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ९ पुढे वाचा ना. तीन दिवस डोळ्यांना दिसत नाही, पोटात अन्नपाणी नाही, मग हनन्या नावाचा तिथला एक विश्वासी येतो, जो स्वतःच टरकलेला आहे कारण हा पौल आपल्याच लोकांना धरून न्यायला आलेला, आणि तरी याच्यावर हात ठेवून पहिला शब्द काय म्हणतो तर 'शौल भाऊ'. मला तर वाटतं त्या 'भाऊ'ने प्रकाशाइतकंच काम केलं असणार. आणि यरुशलेमला येशूचा शिष्य पेत्र याला भेटायला पौल गेला तीन वर्षांनी, हे तो स्वतःच गलतीकरांना पत्रात लिहितो. म्हणजे दिशा क्षणात फिरली, माणूस घडायला वेळ गेलाच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, आणि त्यांनीच पुढे सांगितलंय की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. एवढी शास्त्रं पाठ असलेली बाई! तुमची तर दोनच झालीत.

आता माझं. आई गेल्यावर दादाशी माझं बोलणं बंद झालं ते सहा वर्षं. आजारपणाचा सगळा खर्च मी केला, त्याने दमडी दिली नाही, असं माझं म्हणणं, आणि नुसतं म्हणणं नाही तर एक्सेल शीट होती माझ्याकडे, तारीखवार, औषधं, टेस्ट, टॅक्सीसुद्धा. प्रार्थनेत मी देवाला ती शीटच वाचून दाखवायचे म्हणा ना. एका रात्री झोप येईना म्हणून बायबलमधलं उत्पत्ती ३२ काढलं. याकोब, भावाला फसवून पळालेला, वीस वर्षांनी परत निघालाय आणि समोरून तोच भाऊ चारशे माणसं घेऊन येतोय. रात्रभर हा कुणाशी तरी झुंजतो, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो, तर तो विचारतो, तुझं नाव काय? हे मी कितीदा वाचलं असेल, पण त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं की आधी आशीर्वाद लाटताना आंधळ्या बापानेही हेच विचारलं होतं, तू कोण, आणि तेव्हा हा बिनधास्त भावाचं नाव सांगून म्हणाला होता, मी एसाव. या वेळी मात्र स्वतःचं खरं नाव सांगावं लागलं.

मी उठून लॅपटॉप उघडला. शीट वरखाली केली तर हॉस्पिटलचा अ‍ॅडव्हान्स मी दोनदा धरलेला, एकदा वेगळा आणि एकदा फायनल बिलातच. आणि दादाने दोनदा पैसे ट्रान्सफर केले होते ते मी 'जुनी उधारी' म्हणून बाजूला काढून ठेवले होते. दिसलं नव्हतं असं नाही म्हणणार, बघायचं नव्हतं.

आनंदबिनंद काही झाला नाही हो, घाम फुटला. यशया संदेष्ट्याला मंदिरात देव दिसतो तर तोंडातून 'हायहाय' निघतं, पेत्र येशूला म्हणतो माझ्यापासून जा. ते का, हे मला तेव्हा कळलं. फरक एवढाच की इतकं उघडं पडूनही मला कुणी हाकलल्यासारखं वाटलं नाही, उलट कितीतरी दिवसांनी एकटं नाही असं वाटलं. याला कृपा म्हणतात. जक्कय या बदनाम जकातदाराकडेही येशू आधी मुक्कामाला जातो, लुबाडलेलं चौपट परत देतो हे जक्कय नंतर म्हणतो. आधी सुधर, मग येतो, असं नाहीये ते.

सकाळी मेसेज लिहायला बसले, तीनदा खोडला, कारण दर वेळी शेवटी 'पण तू पण' यायचंच. अखेर शीट दुरुस्त करून पाठवली आणि खाली एवढंच, 'दादा, मी खोटा हिशोब धरला होता.' ब्लू टिक आली, दोन दिवस काही नाही. मग उत्तर, 'बघितली. आईचा चष्मा माझ्याकडे आहे, हवा असेल तर ने.'

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. मी अजून हिशोबीच आहे, परवाच एकीशी शंभरदा उजळणी करून भांडले. याकोबही त्या रात्रीच्या झुंजीत जांघेला मार बसून लंगडतच भावाला भेटायला गेला. फक्त आता माझं चुकलं की मला ते लवकर टोचतं, आणि टोचल्यावर शीट उघडायची नाही एवढं जमतं कधीकधी.

म्हणून तुमचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. उजेडाची वाट बघणं मात्र थोडे दिवस सोडा, आणि प्रार्थना करताना कुठल्या विषयावरून तुम्ही पटकन पुढे सरकता ते बघा, कुणाचं नाव आलं की घाईने आमेन म्हणता. मी सहा वर्षं तेच करत होते.