कर्ज पंधरा वर्षांचं की वीस? आधी भाडेकरूचा करार बघा

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात:

“वय ५२. खासगी नोकरी, हातात ९० हजार येतात, साठीला निवृत्ती. राहतं घर स्वतःचं. पिंपळे सौदागरला २०११ मध्ये ३४ लाखांना घेतलेला टू बीएचके आहे, माझ्या आणि पत्नीच्या नावावर. कर्ज फिटलं आहे. आज भाव ८० लाखांच्या वर. २०१८ पासून तिथे एकच कुटुंब भाड्याने आहे, अतिशय सज्जन माणसं. पहिला करार रजिस्टर केला होता. पुढे एकदा नोटरीकडून अकरा महिन्यांचा केला आणि नंतर दरवर्षीचा खर्च नको म्हणून तोही सोडून दिला. भाडं १८ हजार, रोख मिळतं. शेजारच्या फ्लॅटला २५ हजार येतात, पण आम्ही कधी वाढवलं नाही. आता ताथवड्याला ४६ लाखांचा स्टुडिओ फ्लॅट बुक केलाय, एक लाख भरले आहेत. ताबा २०२८ मध्ये. त्यानंतर तीन वर्षं बिल्डर दरमहा २५ हजार भाड्याची हमी देतो. त्याच रस्त्यावर तयार स्टुडिओ ३८ लाखांना मिळतात, त्यांना १४ हजार भाडं येतं, पण हमी नाही. १५ लाखांच्या एफडी मोडून वर ३७ लाखांचं कर्ज घेणार आहे. मुलगा सहकर्जदार असल्याने बँक वीस वर्षांची मुदत देते. सोबत १ लाख ८० हजारांचा एकरकमी विमा घ्यावा लागेल म्हणतात. कर्ज पंधरा वर्षांचं घेऊ की वीस? साठीला गरज पडली तर सौदागरचा फ्लॅट विकून कर्ज फेडता येईल.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. साडेआठ टक्के व्याज धरलं तर ३७ लाखांचा हप्ता वीस वर्षांसाठी साधारण ३२ हजार, पंधरा वर्षांसाठी ३६ हजार बसतो. तुम्ही साठीला याल तेव्हा पहिल्या प्रकारात ३१ लाख भरून झालेले असतील आणि तरी २९ लाख देणं उरेल. दुसऱ्यात ३५ लाख भरून २३ लाख उरतील. पगार थांबलेला असेल, हप्ता चालू असेल. साठीपर्यंत कर्ज संपवायचं म्हटलं तर हप्ता ५३ हजारांवर जातो, आणि तो ९० हजारांच्या पगाराला झेपणारा नाही. तेव्हा पंधराही नको आणि वीसही नको. हे कर्जच घेऊ नका.

स्टुडिओबद्दल फार लिहीत नाही, कारण उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्याच रस्त्यावर तयार घर ३८ लाखांना आणि हमीचं ४६ लाखांना. फरक ८ लाखांचा. हमीचं भाडं तीन वर्षांचं मिळून ९ लाख. म्हणजे तुमचेच पैसे बिल्डर आज घेणार आणि २०२८ नंतर हप्त्याहप्त्याने परत करणार, तेही तेव्हा तो देण्याच्या स्थितीत असला तर. ही हमी नोंदणीकृत विक्री करारात आहे की वेगळ्या पत्रावर, ते पाहा. बहुतेक वेळा वेगळं पत्रच असतं. शिवाय बांधकाम चालू असलेल्या या घरावर ५ टक्के जीएसटी आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर तो लागतच नाही. जीएसटी, ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून ४६ चे ५२ लाख होतात. हमी संपल्यावर १४ हजार भाड्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि वर्षातून एखादा रिकामा महिना वजा केला, तर हातात वर्षाला सव्वा लाखही राहत नाही. ५२ लाखांवर हा सव्वादोन टक्के परतावा झाला, आणि त्यासाठी तुम्ही साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलताय.

‘हिंजवडीची मेट्रो सुरू झाली की भाव दुप्पट’ हे तुम्हाला सांगितलं गेलं असेलच. मेट्रो येणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि त्याने ते किमतीत धरलेलं आहे. व्याजावर कर वाचतो, असंही सांगतात. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचं व्याज त्या घराच्या भाड्यापुरतंच वजा होतं. वरचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत येतो, पण वर्षाला दोन लाखांपर्यंतच. एकरकमी विम्याचं तर मला राहून राहून वाईट वाटतं. गृहकर्जासोबत विमा घेतलाच पाहिजे असा कोणताही नियम नाही. तरी तो कर्जातच मिळवून विकला जातो आणि माणूस विम्याच्या हप्त्यावरही वीस वर्षं व्याज भरत बसतो.

आता गोल आकड्यांत तुलना करू. सोयीसाठी पूर्ण हप्ता आजपासून धरतो. पहिली दोन वर्षं भाडं शून्य, मग तीन वर्षं हमीचं, मग बाजाराचं. खर्च जाता आठ वर्षांची सरासरी महिना १२ हजार. म्हणजे खिशातून महिन्याला २० हजार जाणार. आजचा खरा भाव ३८ लाख, तो वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला तर साठीला ५६ लाख. त्यातून २९ लाखांचं कर्ज गेलं की हाती २७ लाख. आता हेच १५ लाख साडेसहा टक्क्यांच्या एफडीत राहिले आणि महिन्याचे २० हजार म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत गेले (९ टक्के धरतो, बारा-पंधरा नाही), तर कर सोडून ५३ लाखांच्या आसपास होतात. शिवाय मुलाच्या डोक्यावर कर्ज नाही. तो उद्या स्वतःचं घर घ्यायला गेला की बँक हे ३७ लाखांचं कर्ज त्याच्याही नावावर मोजेल, हा विचार घरात झालेला दिसत नाही.

पण मला खरी काळजी तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याची आहे. सौदागरचा फ्लॅट विकून कर्ज फेडू, असं तुम्ही म्हणता. तो फ्लॅट आज रिकामा करून घेण्याचा कागद तुमच्याकडे नाही. साठीची सगळी भिस्त ज्या घरावर, त्यात २०१८ पासून दुसरं कुटुंब राहतंय आणि कोणत्या अटींवर राहतंय याचा चालू, नोंदलेला पुरावा शून्य.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ प्रत्येक घरमालकाने वाचावं. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार अकरा महिन्यांचा असला तरीही. अकरा महिन्यांपर्यंत नोंदणी लागत नाही, हा समज केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलाय. तिथे वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे. महाराष्ट्रात ती चालत नाही, त्यामुळे नोटरीचा शिक्काही इथे कामाचा नाही. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, ते वेगळंच.

उद्या त्यांनी ‘आम्ही कायम भाडेकरू आहोत’ असं म्हटलं, तर? मग भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायचं आणि घर हवं तर कायद्यातलं एखादं कारण सिद्ध करत लघुवाद न्यायालयात तारखा घ्यायच्या. याउलट लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठीच नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) थेट अर्ज करता येतो. घर सोडलं नाही तर ठरलेल्या शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट नुकसानभरपाईही मागता येते. सात-आठ वर्षं सज्जनपणे राहिलेली माणसं असं करणार नाहीत, असं तुम्ही म्हणाल. कदाचित खरंही असेल. पण त्यांच्या मुलांची शाळा, गॅस, आधारवरचा पत्ता सगळं तिथे आहे. घर सोडायची वेळ आली की सज्जन माणसालाही वकील गाठावासा वाटतो, आणि वकील पहिला प्रश्न विचारतो, ‘करार कुठे आहे?’ तुमचा फ्लॅट घेणाराही तेच विचारेल.

जो खर्च वाचवण्यासाठी हे झालं तो किती आहे, ते बघा. २२ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, तीन वर्षांचा करार. एकूण भाडं ७ लाख ९२ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ३० हजार, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. झाले दोन हजारांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार. एजंटचं शुल्क सोडून महिन्याला शंभर रुपयेसुद्धा नाहीत. नोंदणी ऑनलाइन होते, आणि एकच करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो, दरवर्षीची धावपळ नको. दुसऱ्या बाजूला बाजारापेक्षा सात हजार कमी घेऊन तुम्ही वर्षाला ८४ हजार सोडताय.

रोख भाड्याबद्दलही बोलायला हवं. पत्रात प्राप्तिकर विवरणपत्राचा उल्लेख नाही, म्हणून हे भाडं त्यात दाखवलेलं नाही असं धरून लिहितो. वर्षाचे २ लाख १६ हजार. मालमत्ता कर आणि ३० टक्के प्रमाणित वजावट जाता करपात्र दीड लाखाच्या आत. त्यावरचा कर फार नाही, पण लपवलेलं उत्पन्न म्हणून ते पुढे आलं तर व्याज आणि दंड मोठा. भाडेकरू नोकरीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असेल, तर वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असल्याने त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. तुमचा पॅन त्याच्याकडे २०१८ च्या करारात आहेच. मागच्या वर्षांसाठी अद्ययावत विवरणपत्र आता चार वर्षांपर्यंत भरता येतं. जितका उशीर तितका जादा कर. सीएंना या महिन्यात भेटा.

आता भाडेकरूंशी बोलायचं कसं? दोघं मिळून जा, चहाला बसा आणि सरळ सांगा की आम्ही घराची कागदपत्रं नीट करतोय, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची आहे, सोसायटीही करार मागते. पहिलं वर्ष २२ हजार, मग २३, मग २४. भाडं बँकेतून. करारावर तुमची आणि पत्नीची, दोघांची सही. मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्या, कारण मधल्या विनाकरार वर्षांचा उल्लेख कसा करायचा हे छापील नमुन्यात नसतं. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) मागितलं तर ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका.

त्यांनी टाळाटाळ केली, तर चिडून वीज-पाणी तोडण्याच्या फंदात पडू नका. तो गुन्हा आहे आणि मग बाजू पूर्ण त्यांची होते. वकिलाची रीतसर नोटीस पाठवा. तुमच्या साठीला अजून आठ वर्षं आहेत, म्हणून ही वेळ चांगली आहे. कर्ज मानेवर घेऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी हे सुरू केलं असतं तर मिळेल त्या भावाला विकावं लागलं असतं.

बुकिंगचं अलॉटमेंट लेटर आजच काढून रद्द करण्याची अट वाचा. दिवस वाढतात तशी कपातही वाढत जाते, म्हणून रद्द करायचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. विक्री करार नोंदल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा करार व्हायच्या आत ‘स्लॅब पडला’, म्हणजे बांधकामाचा पुढचा टप्पा झाला, पैसे भरा म्हणून फोन आला तर एक रुपयाही भरू नका. एफडी मोडायला दिलेला फॉर्म असेल तर तोही मागे घ्या.