तो अभ्यास कुणावर झाला होता?

या महिन्याच्या पत्रांत ‘नवीन संशोधन म्हणतं की…’ हे शब्द इतक्यांदा आले, की त्यातली तीन पत्रं एकत्रच घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातल्या अॅस्पिरिनच्या गोळीशी माझाही जुना हिशेब आहे.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. रोज सकाळी सारसबागेत फिरायला जातात. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठणठणीत. हार्ट अटॅक, लकवा असं कधी काही झालेलं नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी १४ वर्षांपूर्वी ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन सुरू केली. ते आता निवृत्त झाले आणि नव्या डॉक्टरबाई म्हणतात, बंद करा, संशोधन बदललंय. बाबा ऐकत नाहीत. ‘१४ वर्षं या गोळीनं मला सांभाळलं’ म्हणतात. आम्ही कुणाचं ऐकायचं?
— एक वाचक, पुणे ३०

उत्तर : तुमच्या जुन्या डॉक्टरांना दोष देऊ नका. त्या काळात आम्ही सगळेच ही गोळी लिहीत होतो. आमच्यासमोर १९८९ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास होता. अमेरिकेतल्या २२,०७१ डॉक्टरांनी स्वतःवरच तो करून घेतला होता. एक दिवसाआड अॅस्पिरिन घेणाऱ्यांत पहिल्या हार्ट अटॅकचं प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी निघालं. हा आकडा आमच्या डोक्यात पक्का बसला. त्याच अभ्यासात हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र घटले नव्हते. ती ओळ आमच्यापैकी फार थोड्यांनी लक्षात ठेवली, आणि त्या थोड्यांत मी नव्हते.

त्या अभ्यासातले सगळे पुरुष होते, सगळे डॉक्टर होते आणि काळ १९८०च्या दशकातला होता. कोलेस्टेरॉल उतरवणारी पहिली स्टॅटिन गोळी बाजारात आली १९८७ मध्ये. म्हणजे त्या लोकांच्या हृदयाला आजच्यासारखं दुसरं संरक्षण फारसं नव्हतं. आज बीपी वेळेवर सापडतं, स्टॅटिन सहज मिळते. धोकाच आधी कमी झालेला असला, की अॅस्पिरिननं आणखी कमी करायला फारसं उरत नाही. रक्तस्राव करण्याची तिची ताकद मात्र तेवढीच राहते.

कारण ही गोळी काही निवडून काम करत नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू नयेत अशी व्यवस्था ती करते, आणि एकदा गोळीचा परिणाम झालेली प्लेटलेट आठ-दहा दिवसांचं तिचं आयुष्य संपेपर्यंत तशीच राहते. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून हे हवंच असतं. पण पोटात छोटा व्रण असेल तर तिथलं रक्तही थांबत नाही. त्यात पोटाच्या अस्तराचं जे नैसर्गिक संरक्षण असतं, तेही हीच गोळी कमी करते.

२०१८ मध्ये या प्रश्नावरचे मोठे अभ्यास एकापाठोपाठ आले. तुमच्या बाबांना सगळ्यात जवळचा आहे तो ‘अॅस्प्री’. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सगळी सत्तरीच्या पुढची, हृदयविकार किंवा लकवा कधीच न झालेली. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. साधारण पावणेपाच वर्षांनी पाहिलं, तर धडधाकट जगण्याच्या वर्षांत काही फरक नव्हता. मोठा रक्तस्राव मात्र दर हजार माणसांमागे वर्षाला ६.२ वरून ८.६ वर गेला होता. २०२२ मध्ये अमेरिकेच्या तज्ज्ञगटानं सरळ सांगितलं, की हृदयविकार नसलेल्यांनी साठीनंतर ही गोळी नव्यानं सुरू करू नये.

इथे एक बारकावा आहे, तो लपवणं बरोबर नाही. ‘अॅस्प्री’तले बहुतेक लोक गोळी नव्यानं सुरू करणारे होते. १४ वर्षं घेत आलेल्या माणसानं थांबवावी का, हा प्रश्न त्यात थेट विचारलेलाच नव्हता. तरीही बाबांच्या जागी माझे वडील असते, तर मी गोळी थांबवली असती. वय वाढतं तसा रक्तस्रावाचा धोका वाढतच जातो.

हे मी पुस्तकातून शिकले असं म्हणता येणार नाही. माझे एक पेशंट होते, निवृत्त शिक्षक, वय ७६. अॅस्पिरिन मीच लिहून दिलेली. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी आणली आणि दोन्ही एकत्र घेत राहिले. चार दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण ‘खाण्यात काहीतरी आलं असेल’ म्हणून कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे आणलं तेव्हा हिमोग्लोबिन सहावर होतं. तीन बाटल्या रक्त द्यावं लागलं. ते वाचले, पुढे कितीतरी वर्षं दिवाळीला फराळ घेऊन येत राहिले. पण त्या रात्री त्यांच्या फाइलमध्ये माझ्याच अक्षरातलं औषध वाचताना मला काय वाटलं ते अजून आठवतं. त्यांना कधी हृदयविकार झालेलाच नव्हता.

आता सारसबागेतल्या बाबांच्या मित्रांसाठी. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे किंवा गुठळीमुळे लकवा झाला आहे, त्यांनी हे उत्तर वाचून गोळीला हात लावू नये. त्यांचा हिशेबच वेगळा आहे. जुन्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००९ मध्ये झालं, त्यात अशा रुग्णांमधल्या गंभीर घटना वर्षाला ८.२ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आलेल्या दिसतात. तो फायदा खरा आहे, आणि स्टेंट असताना गोळी मनानं बंद केली तर आत गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांना एकच सल्ला लागू होत नाही तो असा.

बाबांना नव्या डॉक्टरांकडे नेताना जुन्या ईसीजीसकट सगळे कागद न्या. पूर्वी कुणाला काही दिसलं होतं म्हणून गोळी सुरू झाली का, हे त्यांना पाहू द्या. आणि बाबांना सांगा, की फिरणं आणि बीपीची गोळी चालूच ठेवायची आहे.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, नोकरी हिंजवडीत. वजन ५१ किलो, उंची ५ फूट २ इंच. पूर्ण शाकाहारी. ऑफिसच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आलं. सासूबाई म्हणतात, बारीक माणसाला कुठे शुगर होते? लॅबची चूक असेल का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : चूक असू शकते, पण तुम्हाला वाटते त्या कारणानं नाही. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं लोह कमीच असतं. म्हणून आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा) बघा, उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनीची साखर तपासा. बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमच्याच शहरात, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमध्ये शोधलं गेलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन शास्त्रज्ञ. उंचीच्या मानानं वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक दिसत नाही, शुगरचा धोका मात्र त्या चरबीनं वाढतो.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेले आणि बायका गरोदर राहण्याच्या आधीपासूनच सुरुवात केली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं हातापायांनी बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरची त्वचेखालची चरबी त्या मानानं राखलेली. म्हणजे बारीक अंगात चरबी घेऊन आपण जन्मालाच येतो. त्या आयांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजेच फोलिक अॅसिड) जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. गरोदरपणात फोलिक अॅसिड हवंच, पण सोबत बी-१२ कडे पाहायला हवं, हे मला या कामानं शिकवलं. हे काम आपल्या माणसांत झालं याचा मला फार अभिमान आहे. ते झालं नसतं, तर आजही आपण परदेशी तक्त्यावर बोट ठेवून तुम्हाला ‘वजन उत्तम’ म्हणत घरी पाठवलं असतं.

वजनकाटा सोडा, टेप घ्या. कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल तर ती कमी करायची. पुरुषांसाठी ही मर्यादा ९० आहे. नुसतं चालू नका, आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करा. ताटात डाळ, उसळ, दही, पनीर वाढवा. पुढे कधी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू झालीच, तर त्या गोळीनंही बी-१२ उतरतं, हे तुमच्या डॉक्टरांना आठवण करून द्या.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तिला एका औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घेणार का असं विचारलं. मामा भडकले आहेत, ‘उंदरासारखे प्रयोग करतील’ म्हणतात. मलाही भीती वाटते.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : भीती योग्य आहे, आपल्या देशात ट्रायलच्या नावाखाली गैरप्रकार झालेलेही आहेत. म्हणूनच नियम कडक झाले. जून २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. ती सीटीआरआयच्या (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तो नोंदणी क्रमांक मागा. २०१९च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळायला हवी. कुठल्याही दिवशी, कारण न देता, बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. फॉर्मवर एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायल नीतीनं चालते ना हे पाहणाऱ्या समितीचा, फोन नंबर असतो, त्यावर एकदा फोन करून पाहा.

मामांना कोविडचं एक उदाहरण सांगा. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टिरॉइड औषध. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ ट्रायलनं दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्यानं सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. आणि हेही दाखवलं, की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काहीच फायदा नाही. हे कळलं ते हजारो आजारी माणसांनी सही केली म्हणून. अर्धाच निकाल ऐकून २०२१ मध्ये आपल्याकडे घरी बसलेल्या सौम्य रुग्णांनीही स्टिरॉइड घेतली, त्यांची साखर किती भडकली हे मी पाहिलं आहे.

तुमच्या पत्रात मामांचं मत आहे, तुमचं आहे. आईंचं कुठेच नाही. फॉर्म मराठीतला मागून घ्या, घरी आणा आणि त्यांना चष्मा लावून निवांत वाचू द्या. काही अडलं तर त्या माझ्याकडे स्वतः पत्र लिहू शकतात.