आधार कार्ड म्हणजे ६६६ चा शिक्का आहे का? आई घाबरलीय, तिला काय सांगू?

तुम्ही विचारलंय की आईच्या व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ आला, त्यात सांगितलंय की ख्रिस्तविरोधक (शेवटच्या काळात येणारा ख्रिस्ताचा शत्रू) जन्माला आलेला आहे, आधार नंबर हाच बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, म्हणजे प्रकटीकरणातला, श्वापदाचा ६६६ चा शिक्का आहे आणि जो तो घेईल त्याचं तारण (मुक्ती) गेलं, आणि तेव्हापासून आई बँकेत आधार जोडायला तयार नाहीत, श्रावणबाळ योजनेचे पैसे अडकलेत, तर ख्रिस्ती धर्मात खरंच असं शिकवतात का.

आधी सरळ उत्तर देते. ख्रिस्त परत येणार आणि न्याय होणार हे सगळ्या मंडळ्या (चर्च) शिकवतात, कॅथलिक असोत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असोत नाहीतर पेंटेकॉस्टल. पण आधार म्हणजे शिक्का असं बायबलमध्ये कुठेही नाही, आणि माणसाला कळलं नाही तरी नकळत तो शिक्का लागून जातो असंही कुठे नाही.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मराठी ख्रिस्ती घरात वाढले, आता पुण्यात संडे स्कूलला शिकवते. हा विषय मी इतका का वाचलाय ते सांगते म्हणजे तुम्हाला कळेल मी तुमच्या आईंना नावं का ठेवत नाहीये.

१९९९ चा नोव्हेंबर असेल, मी नववीत होते. आमच्याकडे तीन दिवस उज्जीवन सभा (विश्वास जागवण्यासाठीच्या प्रार्थना आणि प्रवचनं) होती, बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी मंडपात मागे एक लांबच्या लांब कापडी चार्ट टांगला होता, डावीकडे एदेन बाग, उजवीकडे अग्नीचं सरोवर, मधे सात डोक्यांचं श्वापद लाल ऑइलपेंटने काढलेलं, आणि त्या डोक्यांवरचा रंग वाळताना खाली ओघळलेला होता, ते मला आजही डोळ्यासमोर दिसतं. ते म्हणाले, सृष्टीला सहा हजार वर्षं भरत आली, २००० साल लागताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, त्या गोंधळात ख्रिस्तविरोधक जगाचा ताबा घेणार आणि त्याआधी प्रभू आपल्याला उचलून नेणार. माझे चुलते, आम्ही आप्पा म्हणायचो, तेव्हा विहीर खोदत होते. पाच परस (एक परस म्हणजे एक पुरुष खोली) झाली होती, मुरूम संपून काळा पाषाण लागला होता आणि पुढे सुरुंग लावायचे होते. सभा संपल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी यारीवाल्याचा (विहिरीतला दगड-मुरूम वर ओढणाऱ्या यंत्रवाल्याचा) हिशोब करून त्याला परत पाठवलं. काकू रडली, तर म्हणाले अगं पाणी प्यायला राहणार कोण आहे इथं.

जानेवारी आला, फेब्रुवारी आला. प्रचारक परत आले नाहीत. पुढे दुष्काळाची वर्षं आली आणि काकू दोन हंडे घेऊन लांबून पाणी आणायची, घरामागे ती पाच परसाची कोरडी विहीर तशीच. पैशाचं आणि पाण्याचं एक वेळ सोडा, पण आप्पांनी चार वर्षं चर्चची पायरी चढली नाही. लोक विचारतील, हसतील म्हणून. देवाच्या नावाने कुणीतरी तारीख दिली आणि एका सरळ माणसाचं देवाच्या घरी जाणं बंद झालं. म्हणून असले व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता मूळ शिकवण. ‘ख्रिस्तविरोधक’ हा शब्द सगळ्या बायबलमध्ये फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात येतो, आणि ज्या प्रकटीकरणावरून एवढे व्हिडिओ बनतात त्या पुस्तकात तो एकदाही नाही, स्वतः शोधून बघा. १ योहान २:१८ मध्ये योहान म्हणतो की ख्रिस्तविरोधक येणार असं तुम्ही ऐकलंय ना, तर आताच पुष्कळ ख्रिस्तविरोधक उठलेत. अनेकवचन आहे, आणि तेही पहिल्या शतकात. ते कोण, तर पुढच्याच वचनात सांगतो, ते आपल्यातूनच बाहेर पडले. म्हणजे तेव्हाच्या मंडळीतलेच लोक, जे शिकवायला लागले होते की येशू खरा हाडामांसाचा माणूस म्हणून आलाच नाही. म्हणजे योहानाने ओळखायची खूण दिलीय ती शिकवणीवरून, जन्मतारखेवरून किंवा कुठल्या मशीनवरून नाही.

मग एकच एक मोठा ख्रिस्तविरोधक ही कल्पना कुठून आली? ती तीन-चार ठिकाणचे धागे एकत्र विणून आलीय. दानीएलच्या पुस्तकात एक उन्मत्त राजा आहे (बरेच अभ्यासक म्हणतात तो अंतिओख चौथा, ज्याने इसवी सनापूर्वी १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात मूर्तिपूजा सुरू केली), पौलाच्या २ थेस्सलनीकाकर २ मध्ये ‘नाशाचा पुत्र’ आहे जो मंदिरात बसून स्वतःला देव म्हणवतो, आणि प्रकटीकरण १३ मध्ये समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. सुरुवातीच्या शतकांतल्या शिक्षकांनी हे सगळं जोडून शेवटी येणारा एक माणूस असं चित्र तयार केलं. ते चित्र चूक आहे असं मी म्हणत नाही, कॅथलिक चर्चसुद्धा अधिकृतपणे शिकवतं की ख्रिस्त येण्याआधी विश्वासाची मोठी परीक्षा होणार आणि ख्रिस्तविरोधकाची फसवणूक होणार. फक्त ते जोडलेलं चित्र आहे हे माहीत असावं.

आता ६६६, म्हणजे प्रकटीकरणात दिलेली त्या श्वापदाची संख्या. आपल्याकडे जुन्या ज्योतिषाच्या ग्रंथांत कटपयादी होतं ना, अक्षरांनी आकडे सांगायचे, तसंच हिब्रू आणि ग्रीकमध्ये प्रत्येक अक्षराला किंमत असते, त्यामुळे कुठल्याही नावाची बेरीज करता येते. प्रकटीकरण १३:१८ मध्ये म्हणूनच लिहिलंय की ज्याला बुद्धी आहे त्याने हिशोब करावा, कारण ती एका माणसाची संख्या आहे. ‘नेरोन कैसर’ हिब्रू अक्षरांत लिहिलं तर नून ५०, रेश २००, वाव ६, परत नून ५०, मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. वहीवर मांडा, ६६६ येतात. आणि गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत ६६६ ऐवजी ६१६ लिहिलेलं सापडतं, आणि नेरोन मधला शेवटचा न काढून ‘नेरो’ लिहिलं तर ५० कमी होऊन बरोबर ६१६ च होतात! म्हणून आज बहुतेक अभ्यासक म्हणतात की हा इशारा नीरोकडे आहे, ज्याने रोममध्ये ख्रिस्ती लोकांना जाळलं आणि जो इसवी सन ६८ ला मेला तरी परत येणार अशा अफवा कितीतरी वर्षं चालू होत्या.

हे पुस्तक कुणाला लिहिलं होतं तेही बघा. पात्म बेटावरून योहानाने आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना पाठवलं, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे. त्या शहरांत रोमच्या सम्राटाची देवळं होती, पर्गममध्ये तर येशूच्या जन्माच्याही आधीपासून. बाजारात नाण्यावर त्याचंच डोकं, सणाला त्याच्यासमोर धूप, आणि जो धूप जाळणार नाही त्याच्याशी व्यवहार करायला लोक कचरणार. शिक्क्याशिवाय विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, हे प्रकटीकरण १३ मधलं वाक्य त्या दुकानदारांनी आणि कारागिरांनी ऐकलं तेव्हा त्यांना भविष्यातली चिप आठवली नसणार, त्यांना कालचा बाजार आठवला असणार. पुढे साधारण १५५ च्या सुमारास ह्याच स्मुर्णाचे वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प ह्यांना अधिकाऱ्यांनी सांगितलं की फक्त कैसर प्रभू आहे म्हण आणि सुटून जा, तर ते म्हणाले शहाऐंशी वर्षं मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू. त्यांना मारून टाकलं. शिक्का नाकारणं म्हणजे काय ते मला तरी पॉलिकार्पवरून कळलं.

त्याच पॉलिकार्पचं शिकवणं लहानपणी ऐकलेले इरेनियस, त्यांनी १८० च्या सुमारास ६६६ वर लिहिलंय. ते दोन-तीन नावं सुचवतात आणि मग सांगतात की अंदाज बांधत बसण्यापेक्षा भविष्यवाणी पूर्ण होईपर्यंत थांबणं जास्त सुरक्षित, कारण योहानाला नाव जाहीर करायचं असतं तर त्यानेच केलं असतं. योहानाच्या इतक्या जवळचा माणूस (पॉलिकार्प योहानाचे शिष्य होते असं मानतात) असं म्हणतो आणि आपल्याला यूट्यूबवाला नाव, गाव, पत्ता सांगतो.

नावं सांगणारे प्रत्येक काळात झालेत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने पोपला ख्रिस्तविरोधक म्हटलं, रशियात जुन्या पंथाच्या लोकांनी पीटर द ग्रेटला, नंतर नेपोलियन, मुसोलिनी, हिटलर, गोर्बाचेव्हच्या कपाळावरचा डाग बघून त्यांनाही. वस्तूंचंही तेच, १९७४ मध्ये अमेरिकेत दुकानात बारकोड आला तेव्हा त्याच्या लांब रेघांत ६६६ लपलेत असं पसरलं, खरंतर त्या रेघा आकडे नसतातच, स्कॅनरला सुरुवात, मध्य आणि शेवट कळावा म्हणून असतात. आपल्याकडे मिझोराममध्ये काही ख्रिस्ती लोकांनी आधारला ह्याच भीतीने नकार दिला होता. तारखांचंही तसंच. अमेरिकेत विल्यम मिलर ह्या प्रचारकाच्या हजारो अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची रात्र जागून काढली, कितीतरी जणांनी शेतातलं पीक तसंच सोडलं होतं. अमेरिकेतल्याच रेडिओ प्रचारक हॅरोल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितलं, मग ऑक्टोबर सांगितलं. मत्तय २४:३६ मध्ये येशू स्वतः म्हणतो की तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांनाही नाही, पुत्रालाही नाही. एवढं एक वचन आमच्या मंडपात त्या दिवशी कुणी उठून मोठ्याने वाचलं असतं तर विहीर झाली असती.

आणखी एक, आधी मंडळी गुपचूप उचलली जाणार, मग सात वर्षं महासंकट, त्यात ख्रिस्तविरोधकाचं राज्य, मग हर्मगिदोन (शेवटचं महायुद्ध), हा जो क्रम व्हिडिओत बायबल म्हणून सांगतात तो क्रम ह्या रूपात १८३० च्या आसपास जॉन नेल्सन डार्बी नावाच्या शिक्षकाने मांडला आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांमधून जगभर गेला. आमच्या मंडपातला तो चार्ट त्याच घराण्यातला. आजही पुष्कळ प्रामाणिक, प्रेमळ विश्वासणारे तो मानतात, माझी सख्खी मावशी मानते, आणि १ थेस्सलनीकाकर ४ मध्ये प्रभूला भेटायला अंतराळात घेतले जाऊ असं लिहिलेलं आहेच. पण त्याआधीची अठराशे वर्षं मंडळीने असं वेळापत्रक लावलं नव्हतं, आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, आपल्याकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्या आजही लावत नाहीत. प्रकटीकरणातलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य शब्दशः की अलंकारिक ह्यावरही मतं वेगळी आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

आता आईंशी कसं बोलायचं. वाद घालू नका, मराठी बायबल घेऊन शेजारी बसा आणि प्रकटीकरण १३ संपल्यावर तिथे थांबू नका, पान उलटून १४:१ वाचा. व्हिडिओवाले कायम तेरावर थांबतात. चौदाव्याच्या पहिल्याच वचनात कोकऱ्याबरोबर (म्हणजे ख्रिस्ताबरोबर) उभ्या असलेल्या लोकांच्या कपाळावर कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं आहे. म्हणजे खूण दोन्हीकडे आहे, तू कुणाची आहेस एवढाच प्रश्न आहे, आणि आईंच्या कपाळावर कुणाचं नाव आहे ते त्यांच्या बाप्तिस्म्यापासून ठरलेलं आहे. मग १४:९ वर बोट ठेवा. तिथे लिहिलंय, जो श्वापदाला नमन करील आणि शिक्का घेईल. दोन्ही एकत्र. बँकेत आईंना कुणी ख्रिस्ताला नाकार म्हणतंय का? कुणापुढे गुडघे टेकायला सांगतंय का? त्यांनाच विचारा आणि त्यांनाच उत्तर देऊ द्या.

सरकारने लोकांची किती माहिती गोळा करावी हा वेगळा प्रश्न आहे, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता आणि कुणालाही, ख्रिस्ती असो नसो, तो विचारायचा हक्क आहे. त्याचा आणि तारणाचा संबंध लावू नका एवढंच.

आमच्या आप्पांना चर्चमध्ये परत कुणी आणलं तर आमच्या त्या वेळच्या पाळकांनी, तेही काही न समजावता. दर रविवारी दुपारी यायचे, चहा प्यायचे, शेतीचं बोलायचे, एकदा विहिरीच्या काठावर बसून म्हणाले आप्पा पुढचं खोदू या का. २००६ ला पाणी लागलं, आठ परसावर.

तर तुम्हीही आईंना घाई करू नका, बँकेत एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा. आणि शिक्का उजव्या हातावर असं वचनात असल्यामुळे त्या मशीनवर उजवा अंगठा ठेवायलाच त्यांचा हात कापत असेल, माझ्या मावशीचा कापला होता, तर हसू नका आणि रागावू नका, काउंटरवरच्या माणसाला सांगा की डाव्या हाताचा घ्या, आधारला दहाही बोटं नोंदवलेली असतात, डावा अंगठासुद्धा चालतो.