माझ्या तीन वेबसाइट्ससाठी डोमेन कुठून घेऊ? विश्वासू रजिस्ट्रार कोणता?

तुम्ही लिहिलंय की दुकानाची, क्लासची आणि घरच्यांच्या शिवणकामाची अशा तीन वेबसाइट आहेत, तिन्ही डोमेन, म्हणजे वेबसाइटची नावं, तीन ठिकाणी पडलीत आणि आता सगळी एका विश्वासू रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, न्यायची आहेत. शेवटी म्हटलंय, "इकडचाच कुणी ओळखीचा असेल तर बरं." त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले.

ओळखीच्या माणसाकडून डोमेन घेऊ नका. वेबसाइट त्याच्याकडून करून घ्या, फोटो काढून घ्या, महिन्याला पैसे देऊन देखभाल करून घ्या. नाव मात्र स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशानं घ्या.

आमचा वसमतला हळदीचा धंदा आहे. अण्णा वर्षानुवर्षं आडतीवर माल घालत आले. दादानं पावडर करून पाऊचमधून विकायला सुरुवात केली आणि ऑनलाइनचं सगळं मी बघते. वेबसाइट करायची ठरली तेव्हा दादाच्या मित्राचा मेहुणा नांदेडला हेच काम करत होता. मी त्याच दिवशी म्हटलं होतं, साइट त्याला करू दे, पण डोमेन माझ्या मेलवर घेऊ. दादा म्हणाला, "आपलाच पोरगा हाय. कुठं पळून जायलाय का? तुला सगळ्यातच शंका." अण्णांनी त्याचीच री ओढली. पोरानं डोमेन आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) मिळून एक रक्कम सांगितली, दादानं ती फोनवरूनच पाठवली, विषय संपला. मी लॉगिन मागितलं की उत्तर ठरलेलं, "ताई, तुम्हाला काय बदल पाहिजे ते सांगा ना, मी करून देतो."

२०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. त्यानंतरच्या सीझनला आम्ही पाऊच नव्यानं छापून घेतले. अशी छपाई थोडक्यात होत नाही, पूर्ण रोल घ्यावा लागतो. मागच्या बाजूला आमचं नाव, खाली वेबसाइट आणि शेजारी क्यूआर कोड. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात यायला लागली होती, घरात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला. आमचाच क्यूआर स्कॅन केला होता. वर आमचं डोमेन आणि खाली जाहिरातींच्या ओळी: सेंद्रिय हळद, सेलम हळद, घाऊक हळद पावडर. आमच्या पाऊचवरून दुसऱ्यांची हळद विकली जात होती. ऑर्डरचे मेलही त्याच डोमेनवर यायचे, तेही बंद.

पोराचा फोन बंद. शोधाशोधीत बरेच दिवस गेले. मग मी आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेच्या लुकअपवर, म्हणजे नोंद बघायच्या पानावर, नाव टाकलं. २०१८ पासून तिथं मालकाचं नाव-पत्ता बहुतेक वेळा झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार कोण, मुदत कधीची आणि सध्याची स्थिती काय हे दिसतं. स्थितीत लिहिलं होतं, रिडेम्प्शन पीरियड, म्हणजे मुदत संपून नाव हातचं जायच्या वाटेवर. रजिस्ट्रारला चॅटवर गाठलं तर म्हणे तुमच्या रिसेलरशी, म्हणजे मधल्या विक्रेत्याशी, बोला. रिसेलर म्हणे खात्यावरचा ईमेल तुमचा नाही, आम्ही काही सांगू शकत नाही. आमच्या आडनावाचं डोमेन, आमचे पैसे, आमचा माल, आणि त्यांच्या लेखी आम्ही रस्त्यावरचे. मी त्यांच्यावर चिडले नाही. त्यांनी माझ्या सांगण्यावरून खातं उघडून दिलं असतं तर उद्या माझंही कुणाच्याही सांगण्यावरून उघडलं असतं.

आता हे नीट समजून घ्या, कारण भावाची तुलना करणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. डॉट कॉमची मुदत संपली की नाव लगेच जात नाही. बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात. पण तो काळ प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि याच काळात बरेच जण मागणी असलेली नावं लिलावालाही काढतात. मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन. त्यात नाव परत मिळतं, पण रिन्यूच्या कितीतरी पट दंड भरून. मग ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव कुणालाही मोकळं. मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत, आठवण पाठवणं आयकॅनच्या नियमानं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. आमच्याही डोमेनच्या आठवणी गेल्याच असणार. त्या पोराच्या जुन्या मेलवर गेल्या, जो तो उघडतच नव्हता.

दादानं शेवटी त्याचा चुलता शोधून काढला, परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा गावात. त्याच्याकडून नवा नंबर मिळाला. पोरगा पुण्याला कंपनीत लागला होता, नंबर बदलला होता, साइटची कामं सोडून दिली होती. फोनवर रडकुंडीला आला बिचारा. त्याच संध्याकाळी त्यानं लॉगिन करून दंड भरला, पैसे आम्ही पाठवले. पोरगा लबाड नव्हता. दादाशी माझा वाद नेमका इथंच आहे. दादा आजही म्हणतो, "बघ, आपला माणूस होता म्हणून तर नाव परत आलं." मी म्हणते, नाव गेलंच कशामुळं ते आधी सांग. माणूस कितीही चांगला असला तरी तो नोकरी बदलतो, नंबर बदलतो, आजारी पडतो. त्याच्या चांगुलपणावर धंद्याचं नाव टांगून ठेवायचं का?

नाव चालू झाल्यावर दादाचं म्हणणं पडलं की आता कशाला वाद, पोरगा रिन्यू करत राहील. मी ऐकलं नाही. अण्णांना एवढंच म्हटलं, शेत बटईनं दिलं तरी सातबारा आपल्याच नावावर ठेवता ना? अण्णा दादाकडं बघून म्हणाले, "तिच्या नावावर करून घे." त्या दिवशी मी ऑथ कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायला लागणारा गुप्त कोड, मागवला.

इथं एक बारीक गोष्ट आहे. आधी जुन्या ठिकाणी मालकाचं नाव बदलायचं आणि मग दुसरीकडं न्यायचं, असं सरळ वाटतं, पण तसं केलं तर बहुतेक ठिकाणी ६० दिवसांचं लॉक बसतं, तेवढे दिवस नाव दुसरीकडं नेता येत नाही. म्हणून आधी ट्रान्सफर करून आणा आणि मग आपल्या खात्यात नाव बदला. नवं डोमेन घेतल्यावर किंवा ट्रान्सफर केल्यावरही ६० दिवस हलवता येत नाही, ते वेगळं. ऑथ कोड मागितल्यावर पाच दिवसांत द्यावाच लागतो, आणि जुन्या रजिस्ट्रारनं हरकत घेतली नाही तर ट्रान्सफर पुढच्या पाच दिवसांत आपोआप होते. वर डॉट कॉमला एक वर्ष वाढून मिळतं, म्हणजे ट्रान्सफरचे पैसे वाया जात नाहीत.

तेव्हा विश्वासू रजिस्ट्रार म्हणजे ज्याच्याकडून तुम्हाला कुणालाही न विचारता निघून जाता येतं तो. ऑथ कोड पॅनेलमध्येच एका बटणावर मिळतो का, लॉक स्वतः काढता येतं का, दुहेरी लॉगिन (पासवर्डसोबत आणखी एक कोड) आहे का, एवढं बघा. कंपनीचा मोठेपणा याला पर्याय नाही. गूगल डोमेन्सपेक्षा मोठं नाव कोणतं? २०२३ मध्ये गूगलनं तो धंदा स्क्वेअरस्पेसला विकून टाकला. अमेरिकेत रजिस्टरफ्लाय नावाचा रजिस्ट्रार होता. २००७ मध्ये आयकॅननं त्याची मान्यताच काढली आणि लाखो डोमेन दुसरीकडं हलवावी लागली. ज्यांच्या नोंदीत स्वतःचा मेल होता त्यांना निदान आपली मालकी दाखवता आली.

किमतीचं म्हणाल तर पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरीसाइनकडे आहे आणि ती प्रत्येक रजिस्ट्रारकडून नावामागं वर्षाला ठरावीक पैसे घेते; सप्टेंबर २०२४ मध्ये तो दर १०.२६ डॉलर झाला. जो तुम्हाला पहिल्या वर्षी शे-दोनशे रुपयांत नाव देतो तो खिशातून घालतोय आणि दुसऱ्या वर्षी वसूल करणार. रिन्यूचा भाव बघा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. क्लाउडफ्लेअर डॉट कॉम मूळ भावातच देतं, पण त्यांचेच नेमसर्व्हर (नाव कुठल्या साइटकडं आणि मेलकडं जायचं ते सांगणारे सर्व्हर) वापरावे लागतात. ते चालत असेल तर उत्तम. पोर्कबनचा रिन्यूचा भाव आधीच समोर दिसतो. गोडॅडी आणि होस्टिंगरला रुपयांत, यूपीआयनं पैसे भरता येतात, ही आपल्याकडं मोठी सोय आहे. मात्र चेकआउटला नको त्या गोष्टी टोपलीत पडतात का ते बघून काढून टाका.

ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ई-मँडेट (पैसे आपोआप कापायची आधी दिलेली परवानगी) नोंदवलेला नसेल तर कार्डावरून आपोआप पैसे कापले जात नाहीत. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत भारतीय कार्ड सर्रास नाकारलं जातं. खात्यात ऑटो-रिन्यू चालू दिसतं आणि पैसे मात्र गेलेले नसतात. धंद्याचं मुख्य नाव एकदम पाच वर्षांचं घेऊन टाका, दहापर्यंत घेता येतं. आणि खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तोही बंद.

तुमच्या दुकानाच्या नावात औरंगाबाद आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून अजून एक. २०२३ मध्ये संभाजीनगर आणि धाराशिव झाल्यावर इकडच्या कितीतरी जणांनी नवी नावं घेतली आणि जुनी सोडून दिली. हे करू नका. जुनं नाव नव्याकडं वळवा, पण रिन्यू करत राहा. त्या जुन्या नावावरच्या मेलनं तुम्ही जीएसटी, बँक, कुरिअर कुठं कुठं खाती उघडलीत ते आठवा. नाव दुसऱ्यानं उचललं की त्या मेलवर पासवर्ड रीसेट त्याच्याकडं जातात.

डॉट इनचे नियम निक्सी ही भारतातली संस्था ठरवते, मान्यताप्राप्त रजिस्ट्रारची यादी तिच्या साइटवर आहे. डॉट इनला प्रायव्हसीची, म्हणजे नोंदीत मालकाचं नाव झाकायची, सेवा कुणी विकत असेल तर घेऊ नका, निक्सी ती चालू देत नाही. वर सांगितलेले दिवस आणि नियम डॉट कॉमसारख्या नावांचे आहेत, डॉट इनला जसेच्या तसे लावू नका. आणि सगळे वेबसाइटवाले तसेच असतात असं माझं म्हणणं नाही. आता आमची साइट बघणारी परभणीची मुलगी स्वतःच म्हणाली, डोमेन तुमच्याच खात्यात ठेवा, मला फक्त डीएनएसचा, म्हणजे नाव कुठल्या साइटकडं वळवायचं ते बदलायचा, अधिकार द्या. असं कुणी भेटलं तर काम तिलाच द्या.

तिन्ही नावं एका दिवशी हलवू नका. आधी शिवणकामाचं हलवा, मेल आणि साइट नीट चालू आहे हे बघा, मग क्लासचं, आणि दुकानाचं शेवटी. त्याआधी तिन्ही नावांची मुदत आणि नोंदीतला ईमेल आजच तपासा. एखाद्यावर दुसऱ्याचा ईमेल असेल तर त्याला गोड बोलून, नातं सांभाळून, पण या आठवड्यातच ऑथ कोड मागा.