खुफूच्या पिरॅमिडमधला गेरू

प्रश्न : पांडवलेण्यांत शिलालेख आहेत, म्हणून कोणी काय दान दिलं ते कळतं. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या दालनांत कोरीव लेखच नाही म्हणे. मग तो इजिप्तच्या खुफू राजाचा कशावरून? हॉवर्ड व्हाइस या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ते नाव स्वतःच रंगवलं, असा व्हिडिओही फिरतोय. (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : कोरीव लेख नाही, पण गेरूने लिहिलेलं नाव आहे, आणि तेही कुणाच्या नजरेला पडू नये अशा जागी. राजाच्या दालनावर एकावर एक पाच बुटक्या पोकळ्या आहेत. सर्वांत खालची नॅथॅनिएल डेव्हिसनने 1765 मध्ये शोधली. आत वाघळांची विष्ठा साचली होती. 1837 मध्ये व्हाइसला तिच्या छतात एक फट दिसली. त्याने बोरू सारला, तर तो तीनेक फूट सरळ वर गेला. मग सुरुंगाच्या दारूने वाट फोडत त्याने मार्च ते मे या काळात उरलेल्या चारही पोकळ्या गाठल्या. ही पद्धत वाईटच. फुटलेले दगड कायमचे गेले. मात्र आतल्या खुणांच्या नकला त्याने लगेच करवून घेतल्या, हे त्याचं मोठं काम.

रंगवल्याचा आरोप त्या खुणा पाहिल्या की टिकत नाही. काही उलट्या आहेत, काही आडव्या, तर काही दोन दगडांच्या सांध्यात शिरतात; तिथे कुंचला पोचूच शकत नाही. म्हणजे दगड बसवण्याआधीच त्या काढलेल्या. शिवाय नाव मजुरांच्या टोळ्यांच्या नावांत गुंफलेलं आहे, कुठे खुफू, कुठे ख्नुम-खुफू हे त्याचंच पूर्ण नाव. चित्रलिपीचा उलगडा 1822 मधला. 15 वर्षांत एवढे बारकावे कोण रचणार? पुढे 2013 मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फ या प्राचीन बंदरात मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची पपायरसवरची रोजनिशी सापडली. तुरा इथली चुनखडी बोटींनी खुफूच्या पिरॅमिडसाठी नेल्याची नोंद तिच्यात आहे.

पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख लोकांनी वाचावा म्हणून कोरला. या खुणा फक्त त्या त्या टोळीच्या कामापुरत्या होत्या, आणि म्हणूनच आम्हाला त्या अधिक भरवशाच्या वाटतात.

प्रश्न : राजाच्या दालनातली ग्रॅनाइटची पेटी अरुंद वाटेने आत नेली कशी? (एक विद्यार्थिनी, सिडको)

उत्तर : वाटेने नेलीच नाही. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने 1880 ते 1882 या काळात मोजमापं घेतली, तेव्हा चढत्या वाटेच्या तोंडापेक्षा पेटीच किंचित रुंद भरली. दालनावर छत घालण्याआधीच ती आत ठेवलेली. पेटी कापताना एका ठिकाणी करवत जास्त खोल गेली, ती मागे घेऊन पुन्हा कापलं. ती चुकलेली चीरही पेट्रीने नोंदवली आहे.