रुबार्बचे देठ बारीक का येतात?

प्रश्न : मी इंग्लंडात लीड्सला राहते. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या आजींनी रुबार्बचा (आंबट देठ खातात ते मोठ्या पानांचं झाड) गड्डा दिला, पहिल्याच वर्षी मस्त देठ आले म्हणून भरपूर काढले, मुरंबा केला, चटणी केली. यंदा मात्र देठ करंगळीएवढे बारीक, मधूनच एक जाड दांडा वर येऊन त्याला फुलं आली आणि बुंध्याशी थोडं मऊ मऊ लागतंय. बटाट्याला लावतो तशी मातीची भर लावली, शेणखतही वरून घातलं, तरी फरक नाही. आणि एवढी मोठी पानं टाकून द्यायला जीव होत नाही, अळूवडीसारखी वडी चालेल का?

उत्तर : ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. पानं अजिबात खाऊ नका, वडी नाही, भाजी नाही, काहीच नाही. अळूची खाज चिंचेने आणि शिजवून जाते, पण रुबार्बच्या पानातलं विष उकळून किंवा चिंच घालून जात नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात भाज्यांची टंचाई होती तेव्हा ही पानं खा असं लोकांना सांगितलं गेलं आणि विषबाधा झाली. कंपोस्टमध्ये टाका, तिथे चालतात.

आता झाडाचं. मला वाटतं घात झाला तो मातीच्या भरीने, बटाट्याला हवी ती भर पण रुबार्बचा डोळा, म्हणजे गड्ड्यावर कोंब फुटतो ती जागा, मातीच्या वर उघडा लागतो, नाहीतर ओल धरून गड्डा कुजतो. शेणखत हवंच, खादाड झाड आहे ते, पण चारी बाजूंनी गोल घाला, मधोमध नको. आणि पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नसतो हो! पानं असली तरच मुळाला अन्न मिळतं. दुसऱ्या वर्षी थोडे, तिसऱ्यापासून नीट, तेही एका वेळी निम्म्याच्या वर नाही आणि जुलै संपला की हात लावायचा नाही. देठ सुरीने कापू नका, बुडाशी धरून जरा पिळून ओढा, कापलेला तुकडा राहिला तर तिथूनही कूज लागते. फुलाचा दांडा दिसला की लगेच बुडातून काढा, सगळी ताकद तोच खातो.

आता नोव्हेंबरात पानं वाळली असतील तेव्हा माती बाजूला सारून गड्डा बघा. आत तपकिरी आणि मऊ निघाला तर मन घट्ट करून उपटून टाका, कंपोस्टमध्येही नको, आणि नवा गड्डा दुसऱ्या जागी लावा जिथे पाणी साचत नाही, भोवती हातभर मोकळी जागा ठेवून. ‘टिम्परली अर्ली’ नावाची जात तुमच्याकडे मिळेल, लवकर येते. आतून टणक असेल तर वरची माती काढून टाका आणि येतं वर्ष एकही देठ न काढता जाऊ द्या.

थंडीची काळजी करू नका, त्याला ती हवीच असते. म्हणूनच तुमच्या शेजारचं वेकफिल्ड रुबार्बसाठी एवढं नावाजलंय आणि पुण्यात माझ्या गच्चीत मात्र ते जगलं नाही. मी आपला आंबट चुका लावते, तो त्याच कुळातला.